बत्तिसावा साकव

सुभेदार दादू रांबाडे यांच्याबरोबर मी पाच वर्षं जेवलो आणि त्या पाच वर्षांत मला एकदाही गरम आमटी मिळाली नाही. ते आमदार, मी त्यांचा स्वीय सहायक. दौऱ्यात कुठे पंगत बसली की गावकरी पहिलं पान त्यांच्यासाठी मांडायचे, आणि हे गृहस्थ हात मागे बांधून वाढप्यांच्या बाजूला उभे. आधी गावातली माणसं, मग कार्यकर्ते, मग ड्रायव्हर, आणि सगळ्यांत शेवटी ते. आमदार उभा असताना सहायकाने बसायचं कसं, म्हणून मीही ताटकळत. मी देवरुखचा मुळ्ये, जिल्हा परिषदेतला कारकून. ऊन ऊन भात आणि वर तूप, एवढंच माझं आयुष्याकडे मागणं होतं. ते काही सुभेदारांनी पुरं होऊ दिलं नाही.

ही खोड त्यांना पलटणीत लागली. कारगिलच्या लढाईत ते हवालदार होते. नंतर शाळा त्यांना झेंडावंदनाला बोलवायच्या, पोरं लढाईची गोष्ट ऐकायला टपलेली असायची, आणि सुभेदार सांगायचे पुऱ्यांबद्दल. एका कड्यावर अकरा जण तीन दिवस अडकले होते. खालून पाठीवर वाहून आणलेल्या पुऱ्या दहा जणांना वाटून झाल्या आणि यांच्या वाट्याला काही उरलं नाही. "तेव्हा माझं पोट भरलं होतं," असं म्हणून ते खाली बसायचे. त्या दहांतले दोघं जिवंत उतरले नाहीत, त्यांतल्या एकाला यांनी खांद्यावर घालून आणलं आणि त्यात डाव्या पायाची तीन बोटं थंडीने गेली, हे मात्र त्यांनी कुठल्याच शाळेत सांगितलं नाही. मला ते त्यांच्या पत्नीकडून, मथुरावहिनींकडून कळलं.

सव्वीस वर्षं नोकरी करून सुभेदार रांबाडेवाडीत परतले तेव्हा त्यांची शेती जशीच्या तशी पिकत होती, कारण ती शिवा करत होता. शिवा त्यांचा चुलत भाऊ, दोन महिन्यांनी थोरला. दोघं एका अंगणात वाढले. एक पलटणीत गेला आणि एकाने मागे राहून दोन घरं सांभाळली. दादूच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, लावणी शिवाने केली, दादूच्या आईला शेवटचं पाणी शिवाने पाजलं, आणि दर वर्षी दादूच्या घरचा गणपतीही शिवानेच डोक्यावरून आणला. आधी स्वतःच्या घरी एक पोचवायचा आणि मग दुसऱ्या फेरीला दादूचा. सुभेदार पेन्शनवर आल्यावरही हा रिवाज मोडला नाही, कारण बोटं नसलेला पाय वाहत्या पाण्यात ठरत नसे.

पाणी म्हणजे पऱ्या. डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. रांबाडेवाडीची तेरा घरं पऱ्याच्या पलीकडे. डांबरी रस्ता, शाळा, दवाखाना सगळं अलीकडे. उन्हाळ्यात त्यात पाऊल भिजत नाही आणि पावसाळ्यात तो कुणाला ओळख देत नाही. दर वर्षी वाडीवाले दोन ओंडके आडवे टाकायचे आणि आषाढात पऱ्या ते घेऊन जायचा. मग या काठच्या झाडापासून त्या काठच्या झाडापर्यंत दोरखंड बांधायचा आणि तो धरून कमरेएवढ्या पाण्यातून ये-जा करायची. वाडीचं दोन पिढ्यांचं मागणं एकच होतं, साकव. पायी जाण्यापुरता छोटा पक्का पूल, दुसरं काही नाही.

सुभेदार आमदार झाले ते मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना. पक्षातले दोन पुढारी तिकिटासाठी एकमेकांच्या उरावर बसले आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला. प्रचाराला ना फौजफाटा ना बॅनर. शिवा पुढे आणि सुभेदार लंगडत मागे, असे दोघं वाडीवाडीतून फिरले. लोकांना माणूस आवडला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वाडीने ग्रामदेवतेला नारळ दिला. गावकर, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, सदू आप्पांनी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं आणि त्यात साकवही मागितला. तेव्हा शिवा हसून म्हणाला, "आता देवाला कशाला तरास? वाढपी आपला हाय. पंगतीत कुटं बी बसलो तरी चालंल." सगळे हसले. सुभेदारही हसले.

पहिल्याच वर्षी साकवांची मागणी गोळा झाली. मतदारसंघातून बत्तीस अर्ज. मी कारकून माणूस, मला याद्यांची आवड. कुठल्या वाडीत किती घरं, किती मुलं शाळेला पाणी ओलांडून जातात, कुठे पूर्वी माणूस वाहून गेलंय, असं सगळं बघून मी क्रम लावला. त्यात रांबाडेवाडी चौथी आली. मी ती आणली नव्हती, गरजेनेच आली होती. यादी सुभेदारांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, लाल पेनाने चौथं नाव खोडलं आणि अगदी खाली, एकतिसाव्याच्या पुढे, स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "३२. रांबाडेवाडी."

"वाढणाऱ्याने आपलं शेवटी घ्यावं," एवढंच ते बोलले.

मी काही बोललो नाही. माझे डोळे भरून आले होते, हे आज सांगायला लाज वाटते. बाहेर येऊन मी शिपायाला म्हटलं, असा माणूस पुन्हा होणे नाही. दोन दिवसांनी एका वार्ताहराला ही हकिगत मीच सांगितली. "स्वतःच्या वाडीला शेवटी ठेवणारा आमदार" अशी बातमी आली. ते कात्रण मी ऑफिसात काचेखाली लावलं.

बातमी वाडीतही पोचली. शिवा देवरुखच्या ऑफिसात आला. बाहेर बाकावर तीसेक माणसं बसली होती. मी त्याला थेट आत नेत होतो, तर सुभेदार आतूनच म्हणाले, "मुळ्ये, त्याला रांगेत बसवा. भाऊ म्हणून आधी घ्यायचा नाही." शिवा अडीच तास बसला. एका म्हातारीला स्वतःची जागाही दिली. आत गेल्यावर त्याने वाडीचा अर्ज टेबलावर ठेवला. अर्जावर तेरा घरांच्या सह्या होत्या आणि काही अंगठे.

"दादू, आमचा नंबर कितवा?"

"बत्तिसावा."

शिवाने अर्जाची घडी हाताने सरळ केली. "बरा हाय," तो म्हणाला. "मोठ्या घरचं लगीन असलं की घरची मानसं शेवटीच जेवतात. पन दादू, जेवन उरव हां." मग त्याने मला विचारलं की इथे चहा कुठे बरा मिळतो, आणि दोघं भाऊ खाली टपरीवर गेले. मी खिडकीतून बघत होतो. शिवाच सगळा वेळ बोलत होता.

एखाद्या लबाड माणसाने असं केलं असतं तर मी त्याला ढोंग म्हटलं असतं. सुभेदारांमध्ये ढोंग औषधालाही नव्हतं. पलटणीत त्यांनी शिकलेली गोष्ट खरीच होती. स्वतःच्या ताटापुरती तिच्यात काही खोट नव्हती. चूक एवढीच की तेरा घरांची वाडी त्यांना स्वतःचंच ताट वाटली. उपाशी राहायला ते तयार होते, म्हणून वाडीही तयार आहे असं ते धरून चालले. वाडीला कुणी विचारलं नाही, आणि वाडीनेही भिडेपोटी तोंड उघडलं नाही.

पाच वर्षांत सत्तावीस साकव झाले. एकेका साकवासाठी सुभेदार मंत्रालयात दारोदार हिंडले, खात्याच्या साहेबांपुढे तासन्‌तास बसले. अठ्ठाविसावा मंजुरीला गेला आणि मुदत संपली. पुढच्या निवडणुकीत ते पडले. नव्या आमदारांनी यादीतले चार साकव केले. रांबाडेवाडीचा मात्र राहिला, कारण माजी आमदाराच्या वाडीत साकव नाही हे कुणाला खरंच वाटेना. खात्यातला एक साहेब मला हसून म्हणाला, "मुळ्ये, कशाला चेष्टा करता? पाच वर्षं सत्ता घरात होती." दिव्याखालचा अंधार दाखवायला गेलं की लोक दिव्याकडेच बोट दाखवतात. सुभेदार त्यानंतर स्वतः तीन वेळा अर्ज घेऊन गेले. तेव्हाही रांगेतच बसले.

ते पडल्यानंतरचा हा दुसरा पावसाळा. चतुर्थीचा आदला दिवस होता. मी दर वर्षी गणपतीला सुभेदारांकडे जातो. त्या सकाळीही दोरखंड धरून, मनात असतील नसतील तेवढ्या देवांना हाका मारत, पऱ्या ओलांडून गेलो होतो. अकराच्या सुमाराला वाडीचे गणपती यायला लागले. गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याचं घर, अलीकडच्या गावात. मूर्ती तिथून डोक्यावरूनच येते. डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, दोन्ही हात पाटाला. एकदा उचलला की घरच्या उंबऱ्यापर्यंत खाली टेकवायचा नाही. पाण्यातून येताना मूर्तीवाल्याच्या कमरेला दुसऱ्याने एका हाताने धरायचं आणि त्या दुसऱ्याने दुसऱ्या हाताने दोर धरायचा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं. बारा मूर्ती अशा पार झाल्या. झांजा वाजत होत्या, मथुरावहिनी आरतीचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या. सुभेदार आणि मी वाडीकडच्या काठावर होतो.

शिवा स्वतःचा गणपती घरी ठेवून परत रस्त्याकडच्या काठाला गेला होता. आता तेरावी मूर्ती, सुभेदारांची. त्याच्या कमरेला त्याचा पुतण्या रघू. आमच्याकडे पाऊस थांबला होता, पण वर सह्याद्रीकडे आभाळ काळं होतं. ते दोघं मधोमध आले आणि वरून पाण्याचा लोंढा आला. मांडीपर्यंतचं पाणी बघता बघता छातीला लागलं. रघूचा हात सुटला आणि तो दोराला लोंबकळला. शिवा एकटाच उभा राहिला, दोन्ही हात वर, पाटाला. दोर त्याच्यापासून हातभर होता.

"शिवा, गणपती सोड," सुभेदार म्हणाले. ओरडले नाहीत. पलटणीत हुकूम देत असतील तसा तो आवाज होता. "सोड तो. दोर धर."

शिवाने आमच्याकडे पाहिलं. सुभेदारांनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. शिवाचे ओठ हलले. तो काय म्हणाला ते रघूने नंतर सांगितलं. "दादूचा हाय रे, कसा सोडू?" असं म्हणाला. मग त्याचे पाय उचलले गेले. वळणापर्यंत पाट त्याच्या हातात दिसत होता.

सुभेदार पाण्यात शिरले होते. चौघांनी त्यांना धरून मागे ओढलं, त्यात त्यांचा सदरा फाटला. झांजा कधी थांबल्या मला आठवत नाही. शिवा दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला, खालच्या बंधाऱ्याजवळ सापडला.

सगळी वाडी एका भावकीची, म्हणून सगळ्यांना सुतक. मखरं सजलेली होती, मोदकांचं पीठ दळून तयार होतं, आणि तेरापैकी एकाही घरात गणपती बसला नाही. आणलेल्या बारा मूर्ती एका पडवीत कापड घालून ठेवल्या होत्या. पाणी ओसरल्यावर शेजारच्या वाडीतल्या लोकांनी त्या न पुजताच विसर्जित केल्या. मुंबईहून मुलं सुट्टी काढून आली होती. ती खांदा देऊन परत गेली. नवव्या दिवशी साकवाच्या मंजुरीचं पत्र आलं. जे पाच वर्षांत आणि तीन अर्जांत झालं नाही ते माणूस गेल्यावर नऊ दिवसांत झालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

सुतक फिटल्यावर सुभेदारांनी गावकी बोलवायला लावली. देवळापुढच्या सहाणेवर, जिथे शिमग्यात पालखी बसते, तिथे सगळे जमले. सुभेदारांनी आदल्या दिवशी मला निरोप पाठवून ती जुनी यादी मागवली होती. मी ती जपून ठेवली होती, कात्रणाबरोबरच. त्यांनी ती सदू आप्पांच्या हातात दिली आणि उभ्यानेच बोलले.

"आमचा नंबर चौथा होता. मी खोडला. चौथ्या नंबरपर्यंतचे साकव माझ्या पहिल्या वर्षातच झाले. म्हणजे शिवा गेला तो माझ्या पेनामुळे. पलटणीत हवालदाराच्या चुकीने शिपाई मेला तर चौकशी बसते. तुम्ही माझी चौकशी करा. शिमग्याला पालखीचा पहिला खांदा आमच्या घराचा. तो मान काढून घ्या."

यादी हातोहात फिरली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही ती लाल रेघ बघितली. मग सदू आप्पा म्हणाले, "दादू, तू देशासाटी लढलास. तालुक्यासाटी राबलास. तुज्यावर कोन बोट ठेवील? देवाच्या मनात व्हतं, झालं."

"देवाचं नाव घेऊ नका, आप्पा. अक्षर माझं आहे."

"बस तू खाली," आप्पा म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. रघूसुद्धा म्हणाला, "काका, तुमचा काय दोष नाय." एकेक जण उठून त्यांच्या चांगुलपणाबद्दल बोलायला लागला. कुणी सत्तावीस साकव मोजून दाखवले, कुणी कारगिल काढलं, कुणी म्हणालं असा निःस्वार्थी आमदार उभ्या जिल्ह्यात झाला नाही. ती सगळी वाक्यं माझ्याच तोंडची होती, मीच पाच वर्षं पेरलेली. सुभेदारांचा चेहरा बघवत नव्हता. शिक्षा मागायला आलेल्या माणसाला ते हार घालत होते.

सभा उठल्यावर सुभेदार तडक शिवाच्या घरी गेले. मी मागोमाग गेलो. शिवाची बायको गंगा ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने सुपातून हात काढला नाही. सुभेदार खाली, जमिनीवर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. चौथा नंबर, लाल पेन, बत्तिसावा. गावकीने मान काढायला नकार दिला तेही सांगितलं.

गंगाने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "भावोजी, तुमी कुनाचं खाल्लात नाय, कुनाला फसवलात नाय. ते समदं जग सांगतंय, मी कशाला सांगू? पन तुमी आमाला आपलं समजलात, नि तितंच आमचा घात झाला. आमी परकी असतो, तर आमचा साकव चौथा झाला असता नि हे आज घरात असते."

सुभेदारांनी मान खाली घातली. "होय," ते म्हणाले.

"तुमी उपाशी राहिलात त्याचं कवतिक झालं," गंगा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमी उपाशी व्हतो ते कुनाला दिसलं नाय."

तिने सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि दार लोटून घेतलं. सुभेदार तिथेच बसून राहिले. एवढ्या मोठ्या गावकीला जे जमलं नाही ते त्या बाईने केलं होतं. मला वाटलं, आता तरी यांना थोडं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी हात दिल्यावर ते कसेबसे उठले.

आम्ही पऱ्याच्या काठाने घराकडे निघालो. पाणी उतरलं होतं, घोट्याएवढंच राहिलं होतं. समोरच्या काठावर खात्याच्या माणसांनी मोजमाप करून चुन्याच्या खुणा मारल्या होत्या. सुभेदार मध्येच थांबले.

"मुळ्ये, मी नाव खोडलं तेव्हा तुम्ही समोर होता. चौथा नंबर बरोबर आहे हे तुम्हाला माहीत होतं. मग बोलला का नाहीत?"

या प्रश्नाची मी पंधरा दिवस वाट बघत होतो.

"सुभेदार," मी म्हटलं, "त्या वेळी मला तुमचा अभिमान वाटला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मलाही," ते म्हणाले, आणि चालायला लागले.